अंश, कला, विकला आणि एक डबा

४ मार्च, मंगळवार

ताईस सादर नमस्कार.

एका गंभीर अन्यायाची तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तीन वर्षांत आपण एकमेकांना एक ओळही लिहिलेली नाही, तेव्हा सुरुवात जरा भारदस्त विषयाने व्हायला हवी होती हे मला कळतं. पण अन्याय ताजा आहे. तो सांगून झाल्याशिवाय मला पुढचं सुचणार नाही.

काल मी जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायला बसलो. (होय. खुर्ची घट्ट धर.) तिथे खरं नाव देत नाहीत, टोपणनाव लागतं. मी 'अन्वेषक' लिहिलं. ते कोणीतरी आधीच घेतलेलं. 'शोधक' गेलेलं, 'पथिक' गेलेलं. शेवटी 'गवेषक' लिहिलं. हरवलेली गाय शोधणारा हा त्याचा मूळ अर्थ, आणि तासाभरात माझी अवस्था काही फार वेगळी राहिली नव्हती. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मला 'गवेषक ४७' करून टाकलं. म्हणजे सेहेचाळीस जण माझ्याआधी गाय शोधायला बाहेर पडलेले आहेत. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात घालवलेल्या मुद्रितशोधकाच्या कपाळी हा आकडा यावा, आणि तो खोडायची सोय नसावी!

आता कारण सांगतो. तुझ्या पहिल्या डब्याला नोटीस लागली आहे.

खेळ मला कितपत समजला आहे ते तपासून घे. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे ते आकडे फोनमध्ये घालून शोधत जातात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तसा ठेवून येतात. ज्याला सापडला त्याच्या नावापुढे पिवळा हसरा चेहरा, न सापडला तर निळा रडका. तू गाव सोडताना डबा हलवलास, पानावर नवे आकडे टाकलेस, आणि तेव्हापासून ओळीने अठरा निळे चेहरे लागले आहेत. तिथला तपासनीस म्हणतो की मालकाने महिन्याभरात जाऊन बघावं, नाहीतर ३ एप्रिलला हा डबा यादीतून कायमचा काढला जाईल. मालक उत्तर देत नाही, असंही त्याने खाली लिहिलं आहे.

हे मला कळलं तुझ्या वहिनीकडून. ती गेली कित्येक वर्षं तुझ्या डब्यावर मला न सांगता पाळत ठेवून आहे. त्याची प्रत्येक बातमी तिच्या फोनवर येते. मी म्हटलं, मग तूच जा की शोधायला. तर म्हणाली, "वन्संना चारचौघांत चिडवलंत तुम्ही. शोधायचंही तुम्हीच. मी नुसती बरोबर येईन."

ज्या भाषणाचा हा उल्लेख आहे त्याच्या तपशिलात मी या पत्रात शिरत नाही. जागा संपत आली आहे.

(जागा आहे. पण तूर्त एवढंच.)

तुझा धाकटा

१० मार्च, सोमवार

ताई,

उत्तर आलेलं नाही, तेव्हा माझं पत्र तुला अतिशय आवडलं असं समजून पुढे लिहितो.

एकदम तुझ्या डब्याला हात घालायचा नाही, आधी सोप्यावर हात बसवायचा, असं वहिनीचं म्हणणं पडलं. काल वाचनालयाच्या बाहेरचा एक डबा निवडला. अवघडपणा पाचपैकी एक. वर्णनात लिहिलं होतं, 'लहान मुलांनाही सापडेल.' त्यावरूनच मला संशय यायला हवा होता.

फोनवरची सुई म्हणाली, तीन मीटर. मी तीन मीटर गेलो. सुई म्हणाली, सात. मागे आलो, तर म्हणाली, चार. अशा रीतीने मी पायऱ्यांसमोर अर्धा तास प्रदक्षिणा घातल्या. इतक्यात तिथला पहारेकरी आला आणि काय हरवलं म्हणून विचारू लागला. खेळाची मोठी अट अशी की बघ्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. मी म्हटलं, कोटाचं बटण. तो भला माणूस. तोही वाकून शोधायला लागला. दहा मिनिटांनी त्याने खरोखरच एक बटण शोधून माझ्या हातावर ठेवलं, पांढरं, चार भोकांचं, आणि माझ्या कोटाची सगळी काळी बटणं जागच्या जागी असलेली पाहून तो निघून गेला.

वहिनी तोवर बाकावर बसून होती. तिने बसल्या बसल्या हात फळीखाली घातला आणि लोहचुंबकाने चिकटलेली अंगठ्याएवढी डबी काढून माझ्यापुढे धरली. "डोळ्यांनी काय शोधताय?" म्हणाली. "हाताने शोधायचं असतं."

आतली चिठ्ठी एवढी अरुंद की माझी सही तिच्यावर मावेना. मी नुसतं '४७' लिहिलं. बघ, कसा माणूस नमतो.

पण दुसरा डबा माझा मी शोधला, ताई. मैदानाच्या कोपऱ्यातल्या फलकाला पाच बोल्ट होते. चार गंजलेले, एक चकचकीत. आयुष्यभर ओळीतलं वेगळं अक्षर टिपणाऱ्या माणसापुढे हे कोडं ते काय! पिळला, तर हातात आला, आणि आत गुंडाळलेला कागद. मी मैदानात एकटाच उभा राहून हसलो. पिवळा चेहरा संकेतस्थळावर लागला त्याच्या आधीच मला लागलेला होता.

पुढच्या रविवारी तुझा.

१७ मार्च, सोमवार

ताई,

एकोणिसावा निळा चेहरा माझा आहे.

तुझे आकडे आम्हाला कालव्याकाठी जुन्या पंपघराशी घेऊन गेले. तू सुगावा दिला आहेस, 'दगडाच्या मागे, कंबरेच्या खाली.' पंपघराच्या भिंतीत दगड किती असतील? मी एकशे चाळीसपर्यंत मोजले, मग वहिनीने मला थांबवलं. माझ्याआधीच्या अठरा जणांनी तिथलं गवत असं तुडवलं आहे की भिंतीभोवती पायवाट झाली आहे. प्रत्येक सैल दगड कोणी ना कोणी काढून परत बसवलेला. अडीच तास आम्ही त्या भिंतीला हात लावत फिरलो. मला एक विंचू, दोन बाटल्या आणि कोणाचा तरी चष्मा सापडला. डबा नाही.

घरी आल्यावर अठराही जणांचे शेरे वाचले. कोणी लिहितो, 'चौथी खेप.' कोणी लिहितो, 'पाय भरून आले.' एक बसचालक आहे, तो अकरा वेळा येऊन गेला आहे. त्याने शेवटी लिहिलं आहे, 'डबा गेला असेल तर गेला असं सांगा, पण कोणीतरी सांगा.' तुझ्या डब्यासाठी अकरा वेळा येणारा माणूस या गावात आहे आणि मी, तुझा सख्खा भाऊ, काल पहिल्यांदा आलो.

म्हणून आता ते भाषण.

तुझ्या कचेरीतल्या निरोपसमारंभात मी म्हणालो होतो, "ताईने आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःसाठी कमावलं काय? झुडपात लपवलेले जेवणाचे रिकामे डबे." लोक हसले. तूही हसलीस, म्हणून मी आणखी दोन वाक्यं जोडली. ती इथे लिहीत नाही, तुला ती पाठ असणार. त्यानंतर दोन दिवसांनी तू गाव सोडून निघालीस तेव्हा मी स्थानकावर आलो नाही. छापखान्यात तातडीचं काम होतं असं कळवलं. काम होतं. तातडीचं नव्हतं.

तुझ्या पानावर डबा हलवल्याची तारीख आहे. तू निघालीस त्याच दिवसाची. म्हणजे मी तातडीच्या कामाची थाप रचत होतो त्या सकाळी तू डबा उचलून चांगल्या जागी ठेवायला गेली होतीस.

सोळा दिवस उरले आहेत. तुला एका ओळीत सांगता येईल तो कुठे आहे ते. सांगितलं नाहीस तरी मी शोधणार, हे उगाच धमकीसारखं लिहितो आहे.

२५ मार्च, मंगळवार

ताई,

आज माझी छापखान्यात यथासांग फजिती झाली आणि तिच्याइतकी आनंदाची फजिती माझ्या वाट्याला आजवर आलेली नाही. क्रमाने सांगतो.

फोनच्या सुईवर माझा विश्वास उरलेला नाही. प्रत आणि मूळ समोरासमोर ठेवून ताडून बघायची ही आमची रीत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत गावाचा मोठा नकाशा टेबलावर पसरला, तोच, ज्यावर कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांच्या, रेघा आखलेल्या आहेत. तुझे आकडे कागदावर घेतले. उत्तरेकडचा आकडा ३४.५१२ आणि पूर्वेकडचा १७.३०६. पट्टी लावली, टोकदार पेन्सिलीने ठिपका दिला. ठिपका पंपघरावर पडलाच नाही! कालव्याच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर पडला. पुन्हा मोजलं. पुन्हा टेकाडच.

आमच्याकडे नकाशे आखणारा एक रेखक आहे, सगळे त्याला कंपास म्हणतात. पाय लांब आणि डोकं टोकदार. त्याला बोलावलं. त्याने माझा कागद पाहिला आणि असा हसला की यंत्रावरची दोन माणसं काम सोडून आली.

"शास्त्रीबुवा," तो म्हणाला (छापखान्यात मला हेच म्हणतात), "चौतीस कला, एक्कावन्न पूर्णांक दोन विकला? पॉइंटपुढे विकला आणल्यात कुठून? हा कलेचा दशांश आहे. पाचशे बारा सहस्रांश, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त कला. नवशिके हमखास इथेच आपटतात. सातशे मीटर चुकलात तुम्ही."

खरंच आहे. खेळाचे आकडे तसेच वाचायचे असतात. मी कान पकडले, नकाशा गुंडाळला आणि खाली मान घालून माझ्या टेबलाशी आलो. एका शब्दकोशाचं पान समोर होतं. त्यातला एकही शब्द दिसेना.

कारण मला वाटलं, मी असं का वाचलं? बाबांमुळे. इतर मुलं पाढे म्हणायची, आपण वेधशाळेतल्या गणकाची मुलं जेवणाआधी ताऱ्यांचे अंश-कला-विकला म्हणायचो, साठ विकलांची कला, साठ कलांचा अंश. पॉइंट दिसला की डोकं आपोआप विकलांकडे वळतं. ते माझ्या हाडात आहे. आणि मग वाटलं, जगात आणखी कोणाच्या हाडात आहे?

तू त्या सकाळी जागा मोजलीस कशाने? कचेरीचं यंत्र जाताना परत करायचं होतं, ते त्या सकाळी तुझ्याकडेच होतं. ते विकला दाखवतं, हे मी कंपासला विचारून घेतलं. तुझ्या यंत्राने दाखवलं असणार ३४ कला, ५१.२ विकला. संकेतस्थळाने पॉइंटपुढे तीन आकडे मागितले. तुझी गाडी दुपारची होती, सामान अर्धं बांधलेलं होतं, भाऊ तोंड चुकवत होता. तू पाच, एक, दोन असे तीन आकडे भरलेस. बरोब्बर तीन! तुला संशय यायचं कारणच नव्हतं.

अठरा माणसं आकडा बरोबर वाचून चुकीच्या जागी गेली. तुझी चूक जशीच्या तशी करील असा माणूस लागत होता.

घरी वहिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, "चूक आहे हे कळल्यावरही तिथेच जायचं?"

मी म्हटलं, "चूक माझी एकट्याची नाही. घराण्याची आहे."

उद्या अर्धी रजा टाकली आहे.

२६ मार्च, बुधवार

सापडला!

ताई, सापडला. टाकीमागचं टेकाड, माथ्यावर भूमापनाच्या खुणेचा चौकोनी दगड, तुझ्याच खात्याने रोवलेला. त्याच्या मागच्या अंगाला, कंबरेच्या खाली, आडवी पाटी लावून झाकलेला कोनाडा. मी हात घातला. डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू. बोटांना पत्रा लागला. निळ्या झाकणाचा डबा, एका कोपऱ्यात जरासा गंज, आतली वही कोरडी ठणठणीत. तीन वर्षं त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता.

वहिनी खालून चढत येत होती. मी नुसता डबा डोक्यावर धरून उभा राहिलो. ती तिथेच, उतारावर, फतकल मारून बसली आणि हसायला लागली.

मग आम्ही दोघांनी वही वाचली. नऊ वर्षांपूर्वीपासूनच्या सह्या आहेत. आठ वर्षांपूर्वीच्या एका पानावर वहिनीचं अक्षर आहे: 'वन्संबरोबर आले. यांना सांगितलेलं नाही.' मी तिच्याकडे पाहिलं. ती टाकीकडे पाहत होती.

पहिलं पान तुझं आहे. तारीख भावोजी गेले त्यानंतर सोळा दिवसांची. तू लिहिलं आहेस, 'आज एक तास चालले. वाटेत कोणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही, बरं वाटलं. इथे डबा ठेवते आहे. ज्याला सापडेल त्याने नुसती सही करावी.'

मी हे वाचलं आणि माझं भाषण मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. रिकामे डबे म्हणालो होतो मी त्यांना.

तू म्हटलं होतंस नुसती सही करावी, म्हणून नुसती सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सत्तेचाळीस नाही. संकेतस्थळावर फोटो टाकला, वहीचा आणि दगडाचा, आणि खाली लिहिलं की डबा जागेवर आहे, आकडा चुकला होता, खरा आकडा असा असा. ओळीने एकोणीस निळ्यांनंतर विसावा चेहरा पिवळा!

३१ मार्च, सोमवार

ताई,

कालचा रविवार तू पाहायला हवा होतास.

सकाळी नऊला मी आणि वहिनी टेकाडावर गेलो, म्हटलं कोणी आलं तर असावं. साडेनऊला बसचालक आला. बारावी खेप. त्याने डबा उघडला, सही केली, मग माझा हात धरून इतका वेळ हलवत राहिला की मला वाटलं, आता तिकीट फाडून देतो. त्याच्यामागून एक दातांची डॉक्टरीण आली, मग दोघी निवृत्त शिक्षिका, मग एक कुटुंब आजोबांसकट. दुपारपर्यंत अठरांपैकी चौदा जण सही करून गेले. प्रत्येकाला आकड्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची होती. मी ती चौदा वेळा सांगितली आणि दर खेपेला जरा जास्त रंगवली. सातव्या खेपेपासून वहिनी माझ्याआधी पुढचं वाक्य म्हणत होती.

शिक्षिकांपैकी एक म्हणाली, "एवढी मोठी चूक एकाच घरात दोनदा! तुमच्या वडिलांनी शिकवलं मात्र पक्कं." बाबांना यापेक्षा मोठी शाबासकी कोणी दिली नसेल.

सगळ्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. बसचालकाने डबा लपवणाऱ्या बाईंना नमस्कार सांगितला आहे.

तपासनिसाचं उत्तर आज आलं. ३ एप्रिलची टांगती तलवार उतरली, डबा यादीत राहील. मात्र पानावरचा आकडा दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही. तो मालकानेच आत येऊन दुरुस्त करायचा. त्यासाठी त्याने दोन महिने दिले आहेत. म्हणजे तुझ्या दोन बोटांचं काम आहे. मी इकडे सर्व तयार करून ठेवलं आहे, दशांशात, कंपासकडून तपासून.

हे तुला कसं कळवावं म्हणून दुपारी तुझं पान उघडलं. वर तुझं टोपणनाव, खाली तू शोधलेले चारशे बारा डबे, आणि त्याच्याखाली एक बारीक ओळ, तू शेवटची कधी आत आली होतीस त्याची. मला ही ओळ असते हे ठाऊक नव्हतं. अकरा महिने झाले आहेत. मी ती वहिनीला दाखवली, तेव्हा ती म्हणाली की तुझी तिला उत्तरं येत असत, थोडक्यात का होईना, पण गेल्या उन्हाळ्यापासून तीही थांबली. "मला वाटलं, तुमच्यावरच्या रागाचा शेक मलाही बसतोय," म्हणाली. मग आम्ही दोघांनी तुला फोन लावला. वाजत राहिला. माझी पाचही पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे तुझ्या दारापर्यंत पोचली आहेत.

ज्या बाईने सोळाव्या दिवशी उठून डबा ठेवला, गाव सोडायच्या दिवशी टेकाड चढून तो हलवला, ती अकरा महिने डब्यांकडे फिरकली नाही, हे माझ्यावरच्या रागाने होत नाही. मी एवढा मोठा माणूस नाही.

शुक्रवारच्या पहाटेच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. वहिनी येते आहे. हे पत्र आमच्याआधी पोचलं तर वाचून ठेव.

तू रागावली आहेस असं मी तीन वर्षं धरून चाललो होतो, कारण ते मला सोयीचं होतं. आता मला भीती वाटते आहे की तू आजारी आहेस, तिथे एकटी आहेस आणि आम्हाला कळवलेलं नाहीस.

तुझा धाकटा